उतारावर लावलेली गाडी

१ डिसेंबर, सोमवार

भवानी पेठेत आज भर रस्त्यात शोभा झाली. श्रीनिवासशेठच्या कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे आमच्या पिकअपमध्ये भरून झाले, दोर आवळला, किल्ली फिरवली तर नुसतं कट्. परत फिरवली. कट् कट्. सेल्फ उचलेचना. मागं दोन टेम्पो नि एक रिक्षा, तिघांचे हॉर्न. शेवटी हमालांनी धक्का मारला. त्यातला एकजण म्हणतो, "मावशी, तुमी खाली उतरा, आमी लावून देतो चालू." म्हटलं, "तू मागनं ढकल रे राजा, क्लच कधी सोडायचा ते मला कळतं." दुसऱ्या गिअरला सोडला, लागली. तोंडानं बोलले खरी, पण ट्रान्सपोर्टचं गोडाऊन येईस्तोवर एकदाही ॲक्सिलेटर पुरता सोडला नाही. पुलावर बंद पडली असती तर? चढावर, मागं ट्रक असताना?

गोडाऊनला माल उतरेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं. वॉचमन धुरावरून बोंबलला. बोंबलू दे.

घरी येऊन गिरणीसमोरच्या उतारावर लावली, चाकाखाली दगड. उद्या सेल्फ नाही उचलला तर दगड काढायचा नि सोडायची उतारावर, आपसूक लागते. ह्यांचीच शिकवण. "बॅटरीवर भरवसा ठिवायचा न्हाय, उतारावर ठिवायचा," म्हणायचे. आज मात्र ह्यांना काही बोलले नाही. बोललं की लगेच तेच येणार, 'विकू आता गाडी.'

२ डिसेंबर, मंगळ.

इरफानभाईकडं नेली. गाडी नवी आली तेव्हापासून वायरिंगचं काम त्याच्याकडंच. मशीन लावून बघितलं, मान हलवली. "भाभी, बॅटरी बैठ गयी. कायकू घसीटते इसको?" टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली, ती गरम पाण्यानं धुऊन काढली. डायनामो चार्जिंग नीट देतोय म्हणाला. म्हणजे दोष बॅटरीचाच, वय झालं. आणखी किती दिवस चालेल विचारलं तर, "अल्ला जाने. आज शाम, नैतो होली." हे काय उत्तर झालं? आज संध्याकाळ आणि होळी यात काही फरक आहे की नाही?

चार्जिंगला लावून दिली. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. हा माणूस बोलतो कमी नि चहा जास्त पाजतो.

एप्रिलापासून माझं हे असं. टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी चालवता चालवता ह्यांचं उजवं अंग गेलं. गाडी रस्ता सोडून उसात घुसली म्हणून वाचले. गाडीला ओरखडे, बाकी काही नाही. ह्यांचं बोलणं आता सरळ झालंय, काठी धरून बोळाच्या टोकापर्यंत जातात, पण उजवा पाय ब्रेकवर ठेवला तर तो तिथं आहे की नाही हेच त्यांना कळत नाही. गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली. मग मीच काढली. शेतातल्या बांधावर ह्यांनीच शिकवलेली, लग्नानंतरच्या वर्षी, हौस म्हणून. लायसन काढलं तेव्हा सगळी हसली होती.

आता बॅटरी कुठली घालायची ते मलाच ठरवायचंय. टायरचं, ऑइलचं, इन्शुरन्सचं, सगळं हेच बघायचे. मी आजवर साडी घेतानासुद्धा चौघींना विचारते.

३ डिसेंबर, बुध.

दादाचा फोन, केमहून. थोरला भाऊ, बाळू. हालहवाल नाही, काही नाही, थेट, "मंगल, दाजींना फोन दे." दिला. मला ऐकू येत होतंच. कुर्डुवाडीत गिऱ्हाईक हाय, मानूस चांगला हाय, गाडी बघाय एतवारी घिऊन येतो, ह्या न्हाय तर म्होरल्या. हे "व्हय, व्हय" करत होते. फोन ठेवला नि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाळू आणतोय मानूस."

"मला विचारलं का कुणी?"

"तुला काय विचारायचं? तुझ्यासाठीच करतोय की."

माझ्यासाठी! भाकरी थापता थापता हात एवढ्या जोरात पडला की भाकरी फाटली. चालवतंय कोण? रोज सकाळी मालाला जातंय कोण? गाडी गेली की मी परत शेजारच्या कमलताईच्या पडवीत पिकोच्या मशीनवर, दिवसभर मान खाली घालून लोकांच्या साड्यांच्या कडा. आत्ता दुपारचं जाते ते वेगळं. सकाळी गाडीवर जाऊन आलं की दुपारी मशीनचं काही वाटत नाही. नुसतं मशीनच राहिलं तर... नको.

लिहूनच टाकते. मला गाडी द्यायची नाही. तोंडावर कुणाला सांगायची छाती होत नाही.

४ डिसें., गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी घट मांडला नि उपाशीपोटी बॅटरीच्या दुकानांत हिंडले. डोकं फिरायची वेळ आली.

पहिला म्हणतो पाणी घालायची घ्या, डिझेल गाडीला तीच टिकते, दर महिन्याला तेवढं डिस्टिल्ड वॉटर बघायचं. दुसरा म्हणतो छे, बंद बॅटरी घ्या, बघायची भानगडच नाही. तिसरा म्हणतो कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा एक नंबर मोठी घ्या, थंडीत सेल्फ फाटकन उचलतो. परत पहिल्याकडं गेले, त्याला मोठीचं विचारलं, तर म्हणाला मोठी घेतली तर खालच्या ट्रेमध्ये बसणार नाही, नि तुमचं सगळं फिरणं गावातल्या गावात, पुरती चार्जच व्हायची नाही. चौथ्यानं तर विचारलं, "साहेब न्हाई आले?" म्हटलं, "साहेब मीच." तो हसला. मी नाही हसले.

घरी येऊन ह्यांना शेवटी सांगितलंच. ऐकून घेतलं. मग, "जुनी भरलेली मिळती एखादी. ती टाक. विकायच्या गाडीला नवी कशाला?"

आता यात खरा पेच आहे. नवी घातली तर गाडी एका सेल्फला उठेल, गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जाईल. जुनी घातली तर गिऱ्हाईक नाक मुरडेल, पण तोवर मी कुठल्या तरी पुलावर अडकेन. म्हणजे गाडी राहावी असं वाटत असेल तर भंगार बॅटरी घालायची? कुणाला सांगितलं तर येड्यात काढतील.

संध्याकाळी पोथी वाचताना दोन ओळी गाळल्या. परत पहिल्यापासून वाचली.

५ डिसें., शुक्र.

शेठचा निरोप. सोमवारी सकाळी लवकर माल आहे, वेळेवर या. आणि तेवढ्याच गोड आवाजात, "ताई, गाडी नीट झाली ना? नाहीतर तसं सांगा, मी दुसऱ्याला सांगतो." सांगतो म्हणे. एकदा दुसऱ्याला सांगितलं की तो दुसरा पहिला होतो. ठरलं. नवी घ्यायची. पाण्याची. कंपनीच्याच मापाची. पुढं गाडीचं काय व्हायचं ते होवो, मला रस्त्यात मरायचं नाही.

६ डिसें., शनिवार

चप्पल घालून निघाले तर हे दारात काठी आडवी करून उभे. "आज शनिवार हाय."

"मग?"

"शनिवारी लोखंड घरात आनत्यात का?"

म्हटलं बॅटरीत शिसं असतं, लोखंड नाही. तर म्हणे, "शनीला शिसं चालतं, आसं येऊन सांगितलं का त्यानं तुला?" नवीन टायर एकदा शनिवारी आणला होता, आठ दिवसांत फुटला, हे बावीसदा ऐकून झालंय. मी चिडले, पण चप्पल काढली. खरं सांगायचं तर मलाही धसका. एवढं सगळं झाल्यावर शनीला कशाला डिवचा.

गाडी उतारावरच. दगड बदलला, मोठा ठेवला.

८ डिसें., सोम.

पहाटे उतारावर सोडून लावली, माल पोचवला, येताना बॅटरी घेतली. आणि पुढं जे झालं ते लिहायला लाज वाटते.

दारात उतरवली. आधी पूजा, मग गाडीत, आपली रीतच आहे. हळद, कुंकू, वर दोन अक्षता, लिंबू. कमलताईनंही येऊन कुंकू लावलं. मग इ.भाईला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी उचलली, ट्रेमध्ये ठेवली, नि हसायलाच लागला. प्लस उलट्या बाजूला! आपल्या गाडीत डावीकडं पाहिजे, हिचा उजवीकडं. वायर पोचतच नाही. ओढून लावली तर म्हणे बॉनेटला घासून ठिणगी. पाण्याची का बंद, मोठी का लहान, चार दुकानं पालथी घातली, नि प्लस कुठल्या बाजूला हे एकानं विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.

रिक्षात घालून परत दुकानात. दुकानदारानं खोकं उघडलं. कुंकू बघून हात मागं घेतला. "वहिनी, पूजा केलेली वस्तू मी परत कशी घेऊ? नवी म्हणून दुसऱ्याला कशी देऊ?" मी म्हटलं पुसून टाका. तर कानांवर हात. "लक्ष्मी हाय ती, मी न्हाई पुसणार. तुमीच पुसा." मी तरी कशी पुसू? मार्गशीर्षात? दोघंही त्या खोक्याकडं बघत उभे. शेवटी गल्ल्यावर बसलेली त्याची आई म्हणाली, "आपल्या घरच्या गाडीत घाल की ही. तिला उजवीकडचाच लागतो." सुटले. म्हातारीच्या पाया पडले.

दुसरी आणली. प्लस डावीकडं, मी स्वतः बोट लावून बघितलं. पूजा केली ती गाडीत बसवल्यावर. हे ओट्यावरून सगळं बघत होते. हसले. किती दिवसांनी.

१० डिसें., बुध.

काय सांगू! किल्लीला हात लावला की उठते. हॉर्नचा आवाजसुद्धा बदलला. आज तीन ठिकाणी मुद्दाम बंद करून परत चालू केली, नुसतं बघायला. हमालाला म्हटलं, "काय रे, ढकलायला येतोस का?" लाजला.

उतारावर लावायची गरज नाही. तरी लावली, हात तिकडंच वळतो.

१३ डिसें., शनि.

देवा.

सकाळी कट्. नव्या बॅटरीला. परत फिरवली तर कण्हत कण्हत लागली. शनिवारी आणली नव्हती, पूजा केली होती, प्लस डावीकडं होता, मग काय चुकलं?

इ.भाईनं तासभर शोधलं. कुठंतरी करंट खातंय म्हणाला. एक एक फ्यूज काढून बघितला, काही नाही. टेपचा संशय आला, टेपची वायर काढली. "अब देखो." दुकानदाराकडं गेले, तावातावानं. त्यानं शांतपणे काटा लावून दाखवला. "वहिनी, बॅटरी ठणठणीत हाय. उतरलीय फक्त. कायतरी चालू राहिलं असंल तुमच्याकडनं." मी? मी किल्ली काढून तीनदा हात लावून बघते! माझ्यावरच आलं म्हणजे.

आणि खरंच माझ्याकडनं राहिलं असेल तर? हल्ली गॅस बंद केला का बघायला परत परत उठते. डोकं ठिकाणावर नाही का माझं? ह्यांचं अंग जायच्या आधीही ते विसरत होते. छे. नको ते विचार.

दादाचा फोन. गिऱ्हाईक २१ तारखेला, रविवारी येतंय. नक्की.

१५ डिसें., सोम.

टेप काढला तरी तेच. काल रविवार, गाडी जागची हलली नाही, आज सेल्फ अर्धमेला. उतारावरून सोडून लावली. मोठा दगड काढताना बोट चेंगरलं. शेठच्या दारात इंजिन बंदच केलं नाही. ते बाहेर येऊन बघून गेले, बोलले काही नाहीत. त्यांच्या न बोलण्याची जास्त भीती वाटते.

ह्यांना म्हटलं, "गाडीला काय झालंय काय कळत नाही." हे म्हणाले, "दम संपला तिचा." आणि कूस बदलली.

मग मीही मनात म्हटलं, जाऊ दे. येऊ दे त्या कुर्डुवाडीच्या माणसाला.

१७ डिसें., बुध.

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी कमलताईकडं मशीनवर होते. गिरणीवाला धावत आला, "वहिनी, गाडी! गाडी सुटली!" मी अनवाणी पळाले. उतारावर गाडी नाही. खाली, बोळाच्या तोंडाशी, बांधकामाच्या वाळूत नाक खुपसून उभी. पोरंबाळं तिथंच खेळत असतात, आज कुणी नव्हतं. पळता पळता एकच डोक्यात, माझा दगड, माझा दगड.

जवळ गेले तर ड्रायव्हरच्या सीटवर हे.

स्टिअरिंग धरून बसलेले. डाव्या हातानं, घट्ट. घामानं शर्ट ओला. पुढचे दिवे लागलेले, पंखा घरघरत होता. मला बघून म्हणाले, "पाय दाबला मी. दाबला ग. त्यो दाबलाच न्हाय."

मी काय काय बोलले आठवत नाही. शिव्या दिल्या. सगळी गल्ली ऐकत होती. "मरायचंय का तुम्हाला? एकदा वाचलात ते पुरलं नाही?" असं म्हणाले. मग त्यांचं डोकं पोटाशी धरून रडले, तिथंच, दार उघडं टाकून. वाळू नसती तर गाडी रस्त्यावर गेली असती. रस्त्यावर दिवसभर ट्रक.

कुणाला लागलं नाही. गाडीलाही नाही. देवापुढं नारळ ठेवला.

१८ डिसें., गुरुवार

शेवटचा गुरुवार. उद्यापन कसंबसं आटोपलं. बायकांना वाण देताना हसत होते, आतून रिकामी.

दुपारी मशीनला गेलेच नाही. ह्यांच्यासमोर बसले. म्हटलं, आता सांगा.

दिवाळीपासून. मी कमलताईकडं गेले की दुसरी किल्ली घेऊन, काठी टेकत उतारापर्यंत जायचे. किल्ली फिरवायचे. इंजिन नाही लावायचे, नुसते दिवे लावायचे, पंखा, टेपवर हळू आवाजात भजन. गिअर टाकायचे, काढायचे. डावा पाय क्लचवर. मी यायच्या आत परत खाटेवर. काल गिअर काढला नि हँडब्रेक धरेना, दगड सरकला.

"समोर काटं हालत्यात, लाल बत्ती लागती. बरं वाटतं," म्हणाले.

मी विचारलं. विचारू की नको करत विचारलंच. "बॅटरी उतरावी म्हणून बसत होता का?"

काठीची मूठ चोळत राहिले. मग, "पयलं न्हाय. मला ठावंच नव्हतं. पर तू रडकुंडीला येऊन सांगितलंस तवा कळलं. तरी बसलो."

"का पण?"

"तू गेलीस की मला घरात धीर निघत न्हाय मंगल. फोन वाजला की वाटतं, झालं. माझं झालं तसं तिचं झालं. गाडी बंद पडली तर तू घरी ऱ्हाशील." आणि खाली बघत, "आन गाडी इकली तर मी बसू कुटं, ह्ये बी वाटतं."

दोन्ही खरं. दोन्ही एकाच माणसाचं. मी कुणावर चिडू?

माझी नवी बॅटरी. मी चार दुकानं हिंडले.

म्हटलं, "माझ्या शेजारी बसून चला की मालाला. डोळ्यांसमोर असेन."

"डावीकडच्या सीटवर मी कधी बसलो न्हाय."

"मग आता बसा."

भिंतीकडं तोंड करून झोपले.

१९ डिसें., शुक्र.

इ.भाईला सगळं सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "भाभी, खटका लगाते. ट्रकवाले लगाते ना, वैसा." सीटखाली खटका बसवला. तो बंद केला की बॅटरीचं कनेक्शन तुटतं, किल्ली कितीही फिरवा, एक दिवा लागणार नाही. हँडब्रेकही आवळून दिला. हे काठी टेकत आले, सगळं बघून गेले.

मला वाईट वाटलं. म्हणजे आता त्यांना समोरचे काटेही नाहीत, लाल बत्तीही नाही. पण दुसरं करू काय? दुसरी किल्ली काढून घेऊ? ते तर माझ्याच्यानं होणार नाही.

गाडी आता सपाटीवर, दाराशी. उतारावर परत लावायची नाही.

२० डिसें., शनि.

बॅटरी इ.भाईकडून पुरती चार्ज करून आणली. एका टिचकीत उठते.

उद्या येतायत. दादाचा दोनदा फोन, "गाडी धुऊन ठिव. दाजींस्नी म्हन, इमाकाचं कागद काढून ठिवा." इमाकाचं म्हणजे इन्शुरन्सचं.

गाडी धुताना मनात पाप आलं. उद्या खटका बंदच ठेवला तर? गिऱ्हाईक किल्ली फिरवेल, काही होणार नाही, जाईल निघून. कुणाला कळणार आहे. बादली तशीच हातात धरून उभी राहिले. मग म्हटलं नको. दादा एवढ्या लांबून माणूस घेऊन येतो. ह्यांनी शब्द दिलाय. खोटेपणानं राखलेली गाडी मला रोज खटकेल. द्यायची नाही तर तोंडानं सांग की, मंगल. तोंडानं सांगायचं तर जीभ उचलत नाही.

ह्यांना जेवताना म्हटलं, "उद्या तुम्ही नाही म्हणालात तर चालेल मला." हे भात कालवत राहिले. "शब्द गेलाय," एवढंच.

२१ डिसें., रविवार

सकाळी उठून खटका चालू केला. माझ्या हातानं. एकदा सेल्फ मारून बघितला, उठली. बंद केली, किल्ली खुंटीला अडकवली, चहाचं आधण ठेवलं. घरातलं माणूस पाठवणीला निघाल्यासारखं.

दादा नि पाव्हणा अकराच्या सुमाराला आले. पाव्हणा बरा माणूस. टायर बघितले, खाली वाकून चासी बघितली, मागचा फाळका वाजवून बघितला. "गाडी कोन चालवतं?" विचारलं. दादा म्हणाला, "आमची भैनच." त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, हसला नाही. मग म्हणाला, "मारा बरं सेल्फ."

किल्ली मी दादाच्या हातात दिली. मला नव्हतं बसायचं. दादा बसला. फिरवली.

काहीच नाही. कट्सुद्धा नाही. एक दिवा लागला नाही.

दादानं परत फिरवली. दहादा फिरवली. हॉर्न दाबला. मढं.

खटका? मी सकाळी चालू केला होता, मला पक्कं आठवतंय, चालू केला होता. का नाही केला? डोकं गेलं का माझं? पुढं सरकले, सीटखाली हात घालायला. तेवढ्यात ओट्यावरून ह्यांचा आवाज. एकदम खणखणीत, आजारपणाच्या आधीसारखा.

"तिचं आसंच हाय पाव्हणं. कवा लागती, कवा न्हाय. बॅटरी नवी घातली तरी त्येच. मी तर म्हनतो नीट इचार करा."

मी जागच्या जागी थांबले. ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघेनात. काठीच्या टोकानं फरशीवर रेघा ओढत होते.

दादा लालबुंद. "आवं दाजी, असं कसं म्हनताय?" पाव्हण्यानं चहा घेतला, बेत तीन दिवस पुढं ढकलू म्हणाला. बुधवारी त्याचा स्वतःचा मिस्त्री घेऊन येणार आहे, सगळं उकलून बघायला. मिस्त्रीला सीटखालचा खटका दिसणारच. दादा जाताना माझ्याशी बोलला नाही.

ते गेल्यावर सीटखाली हात घातला. खटका बंद. मी आंघोळीला गेले होते तेवढ्यातच झालं असणार, दुसरा वेळ नव्हता. कुणी केला हे विचारायला नको.

बुधवारी काय? बुधवारी मी बोलणार का? की परत हेच, एकानं चालू करायचा, दुसऱ्यानं बंद? काळजी काही संपलेली नाही. ह्यांना मी रस्त्यावर गेले की अजून तेवढीच भीती वाटणार. मलाही वाटतेच की. आणि शेठचा माल उद्या पहाटेच आहे.

खटका चालू करून आत आले. हे खाटेवर. ताटं घेतली. पहिला घास घेऊन म्हणाले, "सकाळी मला कितीला उठवतीस?"

"कशाला?"

"डावीकडचं दार आतनं उघडत न्हाय तिचं. उतरताना तू भाईरनं उघडून दे."

पाचचा गजर लावलाय. उठतात का, बघू.